व्हीसॅटच्या डिशचं अर्थिंग: कामाचा क्रम आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुका

वळवाचा पहिला पाऊस झाला की फोन सुरू होतात. शाखेची व्हीसॅट लिंक (छोट्या डिशने उपग्रहामार्फत चालणारं नेटवर्क) बंद, मोडेमचा एकही दिवा लागत नाही. जाऊन बघावं तर डिशपासून चार पावलांवर अर्थचा नवा खड्डा असतो, तांब्याची पट्टी चकचकीत असते, गच्चीवर टोकदार एलएही (वीज झेलून जमिनीत नेणारा दांडा) उभा असतो. खर्च झालेला आहे, सामान चांगलं आहे, तरीही मोडेम जळालेला.

अशा बहुतेक ठिकाणी चूक एकच सापडते. डिशचा अर्थ वेगळा, लाइटचा अर्थ वेगळा, आणि दोन्ही कुठेच एकमेकांना जोडलेले नाहीत. आभाळातून पडणाऱ्या मध्यम ताकदीच्या विजेत साधारण ३०,००० अँपिअर करंट असतो. तुमचा खड्डा अगदी १० ओहमचा असला तरी त्या क्षणी तिथलं व्होल्टेज ३ लाखांवर जातं. लाइटचा अर्थ मात्र तेव्हा जवळपास शून्यावर असतो. एका बाजूने डिशची केबल आणि दुसऱ्या बाजूने पॉवर कॉर्ड लागलेला मोडेम या दोघांच्या मधोमध अडकतो आणि सगळा फरक त्याच्या अंगावर येतो. म्हणून या कामात खड्डा किती ओहमचा आहे यापेक्षा सगळे धातू एका ठिकाणी बांधलेले आहेत का, हा प्रश्न मोठा आहे.

इथे धरलेली जागा अशी: तळमजला अधिक एक मजला असलेली आरसीसी इमारत, गच्चीवर काँक्रीटच्या ठोकळ्यांनी दाबलेल्या स्टँडवर १.२ मीटरची केयू बँड डिश, खाली रॅकमध्ये मोडेम आणि यूपीएस. बँकेची ग्रामीण शाखा, पेट्रोल पंप, आरोग्य केंद्र अशा ठिकाणी थोड्याफार फरकाने हेच असतं. इमारत उंच असेल किंवा तिच्यावर आधीपासून वीजसंरक्षणाची पूर्ण यंत्रणा असेल, तर आयएस/आयईसी ६२३०५ (वीजसंरक्षणाचं मानक) प्रमाणे डिझाइन करणाऱ्याकडूनच काम घ्या. मीटर आणि मेन बोर्डमधलं काम परवानाधारक वायरमननेच करायचं आहे.

टप्पा १: खोदायच्या आधी जागा बघा

कुदळ हातात घेण्याआधी एक तास फिरण्यात घालवा. मीटर कुठे आहे? महावितरणची लाइन खांबावरून कुठल्या भिंतीवर येते? लाइटचा मूळ अर्थ कुठे आहे, आणि त्याची तार खरंच खाली जाते की कॉलमच्या मागे तुटून लोंबकळते आहे?

मग मोडेम लागणार त्या सॉकेटवर न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजा. व्हीसॅटवाले ते दोन-तीन व्होल्टच्या आत मागतात. ते १५-२० आलं की लोक लगेच “व्हीसॅटला शुद्ध अर्थ” म्हणून वेगळा खड्डा खोदतात, आणि वर सांगितलेला सापळा इथूनच सुरू होतो. व्होल्टेज जास्त असेल तर कारण शोधा. न्यूट्रलचा जॉइंट सैल आहे का, सगळा लोड एकाच फेजवर आहे का, जुना खड्डा कोरडा पडला आहे का, हे बघा. बहुतेक वेळा दुखणं यापैकीच एक असतं.

*सावधान:* व्होल्टेज कमी दाखवण्यासाठी सॉकेटमध्ये किंवा बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ जोडू नका. मीटरवर शून्य दिसतं, साइट पास होते. पण खांबावर न्यूट्रल तुटला की रॅक, यूपीएसची बॉडी, गच्चीवरची डिश, सगळ्यांत फेज उतरतो. कोणाचा तरी जीव जाईल.

टप्पा २: डिशची जागा आणि केबलची वाट एकत्र ठरवा

गच्चीवर टाकीच्या टॉवरवर किंवा जिन्याच्या खोलीवर डिश चढवायची सवय आहे. सिग्नलला त्याची गरज नसते. महाराष्ट्रातून भारतीय उपग्रहांकडे बघताना डिशचा बीम साधारण ५५ ते ७० अंश वर, दक्षिणेच्या बाजूला जातो. ऑफसेट डिश, म्हणजे जिचा बीम तोंडाच्या दिशेपेक्षा वर जातो ती, दिसायला बरीच उभी दिसते, त्यामुळे समोरच्या कठड्याची उगीच भीती वाटते. दक्षिणेकडचं आकाश मोकळं असेल तर डिश मुख्य गच्चीवर, शक्य तितकी खाली आणि इमारतीच्या सर्वांत उंच भागाच्या उत्तरेला न जाता ठेवा.

याहून महत्त्वाची गोष्ट केबलची. केबल इमारतीत शिरते ती जागा आणि लाइट शिरते ती जागा एकाच भिंतीवर, जवळजवळ हवी. केबल मागून आणि लाइट पुढून आली तर दोन्ही एका बारवर आणायला इमारतीतून वीस मीटर तार फिरवावी लागते, आणि विजेच्या वेळी एवढी लांब तार कामाची राहत नाही. गच्चीवर दहा मीटर केबल जास्त लागली तरी चालेल, पण ती मेन बोर्डाच्या बाजूनेच उतरवा.

टप्पा ३: जमिनीतलं काम

एक रॉड ठोकला की झालं, असा समज आहे. हिशोब बघा. मातीची रोधकता १०० ओहम-मीटर धरली तर ३ मीटर लांब, १६ मिमी जाड रॉडचा रेझिस्टन्स साधारण ३३ ओहम येतो. वीजसंरक्षणासाठी १० ओहमच्या आत असावं अशी शिफारस आहे. म्हणजे साध्या जमिनीतही एका रॉडने भागत नाही. किमान चार रॉड लागतात, तेही रांगेत आणि प्रत्येकामध्ये किमान रॉडच्या लांबीइतकं, जमलं तर दुप्पट, अंतर ठेवून. एक-एक फुटावर ठोकलेले चार रॉड जेमतेम दोन रॉडइतकं काम करतात.

आपल्याकडे जमीन गावागणिक बदलते. काळ्या जमिनीत ओल असताना आकडा छान येतो, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि माती रॉडपासून सुटते. तिथे रॉडभोवती बेंटोनाइट किंवा तयार अर्थ कंपाउंड भरा. मुरमात रॉड जातो, पण पाणी टिकत नाही, म्हणून रॉड वाढवावे लागतात. कोकणात जांभ्यात किंवा देशावर कातळात तीन मीटर रॉड ठोकण्याचा हट्ट धरू नका. वाकलेला रॉड कापून “बसला” म्हणणारे बघितले आहेत. अशा ठिकाणी अर्धा मीटर खोल चर खणून इमारतीच्या कडेने आडवी पट्टी गाडा आणि चर चांगल्या मातीने भरा.

मीठ आणि कोळसा भरलेला खड्डा पहिल्या वर्षी उत्तम आकडा देतो, पण मीठ जीआयला (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाला) खातं आणि पावसाच्या पाण्याबरोबर वाहूनही जातं. नव्या कामात मीठ वापरू नका.

जमिनीखाली धातू मिसळू नका. रॉड तांब्याचा मुलामा असलेला असेल तर त्याला जोडणारी तार किंवा पट्टी तांब्याचीच, ५० स्क्वेअर एमएमची घ्या. जीआय रॉड असेल तर २५×६ मिमीची जीआय पट्टी घ्या. ओल्या मातीत तांबं आणि जस्त एकमेकांना टेकले की जस्त संपतं, आणि जॉइंट तुटल्याचं वरून कोणालाच दिसत नाही.

*तपासा:* नवा अर्थ कशालाही जोडण्याआधी अर्थ टेस्टरने तीन खुंट्यांच्या पद्धतीने मोजा आणि आकडा लिहून ठेवा. रॉडचा गट लहान असेल तर मधली खुंटी एकूण अंतराच्या साधारण ६२ टक्क्यांवर ठेवा, मग ती थोडी पुढे-मागे सरकवून बघा. आकडा फारसा हलला नाही तर माप खरं. मल्टिमीटरने अर्थ मोजता येत नाही.

टप्पा ४: मेन अर्थ बार, म्हणजे या कामाचा गाभा

केबल आत शिरते तिथे, बाहेरच्या भिंतीला किंवा लगेच आत, तांब्याचा जाड बार इन्सुलेटरवर बसवा. आठ-दहा भोकं असू द्या, पुढे लागतात. या एका बारवर इतक्या गोष्टी यायच्या:

१. नव्या रॉडची तार
२. लाइटचा जुना अर्थ
३. डिशच्या खांबाची तार
४. केबलच्या शील्डचा (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीचा) ग्राउंड ब्लॉक आणि अरेस्टर (केबलमधून येणारी विजेची लाट अर्थकडे वळवणारी डबी)
५. मेन बोर्डातल्या एसपीडीचा (लाइटच्या लाइनमधून येणारी लाट अर्थकडे वळवणारं उपकरण) अर्थ
६. रॅक आणि यूपीएसची बॉडी

सगळ्यात जास्त विरोध दुसऱ्या ओळीला होतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, “साहेब, लाइटची घाण व्हीसॅटमध्ये येईल.” त्यांच्या म्हणण्याला अनुभवाचा आधार असतो, कारण सैल न्यूट्रलच्या जागी असं होताना त्यांनी पाहिलेलं असतं. पण त्यावर उपाय न्यूट्रल दुरुस्त करणं हाच आहे. अर्थ तोडून ठेवलात तर ती “घाण” जाते आणि पहिल्याच गडगडाटात मोडेमही जातो. हे त्यांना बारसमोर उभं राहून, तारा हातात धरून समजावून सांगा. कागदावर लिहून दिलेलं तुम्ही गेल्यावर काढून टाकलं जातं.

दोन अर्थ जोडणारी तार किमान १६ स्क्वेअर एमएम तांब्याची हवी. प्रत्येक तारेला टिन केलेला लग (बोल्टखाली येणारं चपटं टोक) क्रिंप करा, स्वतंत्र बोल्ट द्या. एका बोल्टखाली चार लग दाबले की त्यातला एक वर्षभरात सैल होतो.

*तपासा:* बारपासून प्रत्येक वस्तूच्या उघड्या धातूपर्यंतचा रेझिस्टन्स ०.२ ओहमच्या आत यायला हवा. इतकं लहान माप घेताना मीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स आधी वजा करा.

टप्पा ५: डिश आणि खांब बांधणे

ठोकळ्यांवरचा स्टँड इमारतीला कुठेच जोडलेला नसतो, तो तरंगतच असतो. त्याला १६ स्क्वेअर एमएम तांब्याची तार लावून ती भिंतीच्या बाहेरून सरळ बारपर्यंत उतरवायची.

“सरळ” या शब्दावर थांबा. तारेच्या प्रत्येक मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो. ३०,००० अँपिअर दहा मायक्रोसेकंदात चढले की प्रत्येक मीटरवर ३,००० व्होल्ट पडतात. आठ मीटर तार म्हणजे २४,००० व्होल्ट, आणि जाड तार घेतल्याने हे फारसं कमी होत नाही. कमी होतं ते लांबी कमी केल्याने. म्हणून उरलेली तार वेटोळं करून खिळ्याला टांगणं ही साधी दिसणारी चूक महागात पडते. जास्तीची तार कापा. कोपऱ्यावर काटकोनात न वळवता गोल वळण द्या. तार एकटी लोखंडी पाइपमधून नेऊ नका, पाइप तिला अडवतो. संरक्षण हवंच असेल तर पीव्हीसी पाइप वापरा, नाहीतर लोखंडी पाइपची दोन्ही टोकं त्याच तारेला बांधा.

खांबावर क्लॅम्पच्या जागी रंग आणि गंज पूर्ण खरवडून धातू उघडा करा. बोल्ट स्टेनलेसचा, खाली दातेरी वॉशर. घट्ट झाल्यावर वरून झिंक पेंट मारा. डिशच्या मागचा बिजागरीसारखा भाग रंगवलेला असतो, त्यातून करंट जाईल याचा भरवसा नाही. त्यामुळे डिशच्या मागच्या लोखंडापासून खांबापर्यंत विणलेल्या तांब्याच्या पट्टीचा छोटा जंपर द्या. बीयूसीवर (डिशवरून उपग्रहाकडे सिग्नल पाठवणारा भाग) अर्थचा स्क्रू असेल तर तोही खांबाला आणा.

*सावधान:* हे सगळं डिश पॉइंट करण्याआधी करा. पॉइंटिंग झाल्यावर जंपर ओढून बसवला की डिश किंचित हलते, आणि बीयूसी ट्रान्समिट करत असेल तर शेजारच्या उपग्रहाच्या सिग्नलमध्ये गडबड होते.

टप्पा ६: केबल

केबलची शील्ड दोन ठिकाणी बांधायची. एकदा वर डिशजवळ खांबाला, म्हणजे शील्ड आणि खांब एकाच व्होल्टेजवर राहतील. दुसऱ्यांदा खाली, आत शिरण्याआधी बारवर. फक्त खालीच बांधली तर खांबाकडून बीयूसीमार्गे शील्डमध्ये उडी पडते.

खालच्या जागी ग्राउंड ब्लॉकबरोबर अरेस्टर लागतो, आणि चुकीचा अरेस्टर इथे सर्रास बसतो. व्हीसॅटची केबल नुसता सिग्नल नेत नाही. मोडेम तिच्यातूनच बीयूसीला डीसी सप्लाय देतो, अनेक सेटमध्ये २४ व्होल्ट. दुसरीतून एलएनबीला (डिशवरचा सिग्नल घेणारा भाग) १३ किंवा १८ व्होल्ट जातात. ट्रान्समिटच्या केबलवर बहुतेक वेळा १० मेगाहर्ट्झचा संदर्भ सिग्नलही असतो. त्यामुळे अरेस्टर निवडताना डबीवर चार गोष्टी वाचा: डीसी पास आहे का, बीयूसीइतका करंट सोसतो का, १० मेगाहर्ट्झपासून किमान २,१५० मेगाहर्ट्झपर्यंत चालतो का, आणि केबल ७५ ओहमची असेल तर तोही ७५ चाच आहे का. मोबाइल टॉवरवर वापरतात तो क्वार्टर-वेव्ह प्रकारचा अरेस्टर डीसीला थेट शॉर्ट करतो. तो लावला की बीयूसी मेला असं वाटतं आणि चांगला बीयूसी बदलला जातो. केबल टीव्हीचा १,००० मेगाहर्ट्झपर्यंतचा अरेस्टर लावला तर लिंक लागते, पण सिग्नल कमकुवत राहतो, आणि दोष महिनाभर डिशवर टाकला जातो.

ट्रान्समिट आणि रिसीव्ह दोन्ही केबलना अरेस्टर लावा. अरेस्टरपासून बारपर्यंतची तार वीतभर असावी. त्यासाठीच बार केबलच्या वाटेवर हवा. आत शिरण्याआधी केबलला खाली लोंबता झोका द्या, पाणी तिथूनच गळून जाईल. कनेक्टरला स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा. केबल एलएच्या पट्टीला टायने बांधू नका.

टप्पा ७: लाइटची बाजू

डिशवर वीज पडली नाही तरी दूरच्या खांबावरून लाट लाइनमधून आत येते. खेड्यात मैलभर उघडी लाइन असते, त्यामुळे हा धोका जास्त. मेन बोर्डात एसपीडी हवा: एलए असेल तर टाइप १+२, नाहीतर टाइप २. मोडेमजवळ टाइप ३. ग्राहकाचा स्वतःचा अर्थ असतो तिथे फेज-न्यूट्रलमध्ये व्हॅरिस्टर आणि न्यूट्रल-अर्थमध्ये स्पार्क गॅप, अशी जोडणी लागते. तिला १+१ म्हणतात. ज्या गावात व्होल्टेज वरखाली होतं तिथे २७५ ऐवजी ३२० व्होल्टचा घ्या.

एसपीडीच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या तारा मिळून अर्धा मीटरच्या आत हव्यात. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात एसपीडी आणि खालून दीड मीटर वळसा घेऊन आलेली हिरवी तार, असं दिसलं तर तो एसपीडी निम्मं काम करतो. यूपीएस वाचवायचा असेल तर एसपीडी त्याच्या आधी.

टप्पा ८: एलए, आणि तो सर्वांत शेवटी

एलए आधी उभा करून “बाकीचं पुढच्या आठवड्यात” म्हणणं धोक्याचं आहे. वर दिलेली बांधणी नसताना एलए म्हणजे इमारतीवर वीज घ्यायची सोय. डिश आजूबाजूच्या उंच झाडांच्या, टॉवरच्या सावलीत असेल तर तो लागेलच असंही नाही. मोकळ्या माळावरच्या इमारतीला मात्र हवा.

तो डिशच्या खांबाला बांधू नका. वेगळा दांडा, डिशच्या उत्तरेला, म्हणजे बीमच्या आड येणार नाही. टोकापासून खाली ४५ अंशांचा शंकू धरला तर पूर्ण डिश आत यायला हवी. एक-दोन मजली इमारतीच्या गच्चीवर मानक याहून मोठा कोन देतं, पण ४५ धरला की चूक सुरक्षित बाजूला राहते.

दांडा आणि डिश यांत किती अंतर? सर्वसाधारण इमारतींसाठी (वर्ग ३) एकच उतरती पट्टी असेल तर सूत्र सोपं आहे: पट्टीची बारपर्यंतची लांबी गुणिले ०.०४. आठ मीटरला ०.३२ मीटर हवेतून, आणि मध्ये भिंत असेल तर दुप्पट, ०.६४ मीटर. याहून जवळ ठेवलं तर दांड्यावरून डिशवर ठिणगी उडते. उतरती पट्टी किमान ५० स्क्वेअर एमएमची, डिशच्या केबलपासून दूर, आणि जमिनीत त्याच रॉडच्या गटाला जोडलेली.

“शंभर मीटर त्रिज्येत संरक्षण” असं सांगून विकले जाणारे ईएसई एलए (आधीच ठिणगी सोडून वीज ओढतात असा दावा असलेले) आयईसी ६२३०५ मालिकेत बसत नाहीत. त्या पैशात चार रॉड आणि चांगले अरेस्टर येतात.

टप्पा ९: लिंक लावणे आणि नोंद

आता मोडेमला केबल लावा, डिश पॉइंट करा, हबकडून (नेटवर्कचं मुख्य केंद्र) क्रॉस-पोल, म्हणजे आपला सिग्नल दुसऱ्या ध्रुवीकरणात सांडत नाही ना, हे तपासून घ्या, मगच लिंक सुरू करा. अरेस्टर लावण्याआधी आणि नंतर सिग्नलचा आकडा बघा. फरक एक-दीड डीबीपेक्षा जास्त असेल तर अरेस्टर किंवा कनेक्टर बदला.

*सावधान:* गच्चीवर काम करताना वीज चमकल्यापासून ३० सेकंदांत गडगडाट ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. हत्यारं तिथेच ठेवून खाली उतरा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नका. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असू द्या, ते आसपासच्या विजेची सूचना देतं.

घरच्या डीटीएच डिशसाठी एवढा पसारा लागत नाही. ती छताच्या कडेपासून दोन मीटरहून खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत असेल तर खांबाला अर्थ न दिला तरी चालतो. केबलची शील्ड मात्र घराच्या अर्थला बांधा.

टप्पा १०: दरवर्षी मे महिन्यात

जमीन सर्वांत कोरडी असते तेव्हा मोजा. पावसाळ्यात घेतलेला सुंदर आकडा फसवा असतो. बारवरचे बोल्ट पान्याने आवळा, खांबाचा क्लॅम्प उघडून गंज बघा, एसपीडीच्या खिडकीचा रंग बघा. लाल झाला असेल तर कार्ट्रिज बदला. गॅस ट्यूबचे अरेस्टर बाहेरून चांगलेच दिसतात, म्हणून जवळपास वीज पडल्याचं कळलं की त्यांची ट्यूब बदलून टाका. सगळे आकडे तारखेसह एका कागदावर लिहून, बारच्या फोटोसोबत रॅकच्या दाराला आतून चिकटवा. पुढे मोडेम जळाला म्हणून नवा घेऊन येणाऱ्याने आधी तो कागद वाचायचा, लाइटच्या अर्थची तार बारवरून कोणी काढली आहे का ते बघायचं, आणि मगच नवा मोडेम खोक्यातून काढायचा.